धोका खोटाच हवा

गिलोटिन, करवत, खिळे, बंदूक असं अंगावर येणारं साहित्य विकत घेणाऱ्या जादूगारांत एक समजूत घट्ट बसलेली आहे: वस्तू जितकी महाग, तितका प्रयोग भारी. तिच्या शेपटाला दुसरी लटकलेली असते, की थोडा खरा धोका असल्याशिवाय प्रेक्षक हलत नाही. पहिली खिशाला महागात पडते. दुसरी दुसऱ्याच्या हातापायाला.

महागड्या साहित्यात पैसे नक्की कशाचे? थोडे चकाकीचे, बरेच गुपिताचे. खरं तर सगळ्यात जास्त ते याचे असायला हवेत, की जादूगार गोंधळला, घाबरला, आदल्या रात्री झोपला नसला, तरी पातं मानेपर्यंत पोचणारच नाही. ही सोय नसेल तर ती वस्तू शोभेची समजावी आणि कपाटात ठेवावी.

2016 साली पोलंडमध्ये टीव्हीवरच्या सकाळच्या कार्यक्रमात एका जादूगाराने कागदी पिशव्यांचा खेळ केला. एका पिशवीत उभा खिळा, बाकीच्या रिकाम्या, आणि त्या तळहाताने चिरडायच्या. त्याने निवेदिकेचा हात धरून पिशवीवर आपटला आणि खिळा तिच्या तळव्यात घुसला. जिथे बचावाचा सगळा भरवसा जादूगाराच्या आठवणीवर आहे, तो खेळ दुसऱ्याच्या हातावर करायचाच कशाला?

साहित्य चांगलं असूनही घात होतो. ‘चुंग लिंग सू’ या चिनी नावाने गाजलेला विल्यम रॉबिन्सन मूळचा अमेरिकन. झाडलेली गोळी झेलण्याचा त्याचा प्रयोग एका चतुर बंदुकीवर उभा होता: बार उडायचा तो नळीखालच्या दुसऱ्या पोकळीत, गोळी असलेली नळी गप्पच राहायची. प्रयोगानंतर ती नळी झाडून मोकळी करण्याऐवजी तो बंदूक मागून उघडून दारू-गोळी काढून घेई. वर्षानुवर्षं असं करून आटे झिजले आणि दारू झिरपू लागली. 23 मार्च 1918 रोजी लंडनच्या वुड ग्रीन एम्पायरमध्ये गप्प राहायची ती नळी उडाली. दुसऱ्या दिवशी तो गेला. युक्ती तीच होती, झिजलेल्या आट्यांकडे बघायचं राहिलं.

आता उलट बाजू पाहा. 9 एप्रिल 1956, बीबीसीचा ‘पॅनोरमा’. पी. सी. सरकार यांनी भल्यामोठ्या फिरत्या करवतीने एका मुलीचे दोन तुकडे ‘केले’. मग तिला हाक मारली, तिचे हात चोळले, ती उठेना. निवेदक रिचर्ड डिम्बलबी पुढे आले आणि कार्यक्रम संपला. मुलगी मेली असं समजून लोकांनी बीबीसीच्या फोनचा भडिमार केला. मुलगी ठणठणीत होती. वेळ संपली, असं कारण सांगितलं गेलं. वेळ कधी संपते हे सरकारांना ठाऊक नव्हतं, यावर माझा तरी विश्वास नाही. करवत पैसे मोजून मिळाली असती, पण ते न उठणं कुठल्या दुकानात मिळतं?

यावर एक आक्षेप ठरलेला: मग साहस कुठे उरलं? साहस हवं असेल तर सर्कशीचा झुला आहे, मौत का कुआँ आहे. तिथे जीव धोक्यात घालणारा स्वतःचा घालतो. गणपतीच्या मंडपात समोरच्या रांगेतली मुलगी आपल्या गिलोटिनमध्ये मान घालते, ती हे सगळं खोटं आहे अशा खात्रीवर. तिने होकार दिलाय तो खोट्या धोक्याला. तिथे कणभरही खरा धोका ठेवला तर ती शुद्ध फसवणूक आहे. आणि जादूगाराला फसवण्याचा जो परवाना असतो, त्यात ही फसवणूक बसत नाही.

म्हणून दुकानदार पातं चमकवून दाखवू लागला की त्याला एवढंच विचारावं: हे मध्येच अडकलं तर काय होतं? कुठला भाग किती खेळांनंतर बदलायचा? तो हसून विषय बदलत असेल तर पाकीट बाहेर काढू नये. वस्तू घेतलीच, तर पहिले दोन महिने तिच्यात फक्त काकडी घालावी.