लॅपटॉप घेताना आधी गाव पाहावे

बारावीचा निकाल लागला, की भोर आणि वेल्हे भागातील घराघरांत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. प्रवेश कोठे घ्यायचा आणि लॅपटॉप कोणता घ्यायचा? पहिल्या प्रश्नावर वडीलधारी मंडळी आठवडाभर खल करतात. दुसरा मात्र पुण्यातील एखाद्या दुकानात, काउंटरपाशी उभ्या उभ्या, दहा मिनिटांत निकालात निघतो. वास्तविक पस्तीस-चाळीस हजार रुपये ही रक्कम लहान नव्हे. भोरच्या बाजारपेठेतील लहान दुकानदाराने ती महिनोन् महिने बाजूला टाकलेली असते. गुंजवणीच्या काठी इंद्रायणी तांदूळ पिकविणाऱ्या घरात ती भाताच्या एका हंगामाची शिल्लक असते. ही खरेदी फसली, तर दुसरी करण्याची ऐपत त्या वर्षी उरत नाही. मुलगी तंत्रनिकेतनात गेली असेल, तर पुढची तीन वर्षे तिला त्याच यंत्राशी झुंजत काढावी लागतात.

म्हणूनच या वेळी सदरात हा विषय घेतला आहे. आमचे मत असे, की तुटपुंज्या पैशांत लॅपटॉप निवडताना कंपनी कोणती, हा प्रश्न शेवटी यावा. यंत्र राहणार कोठे आणि बिघडले तर जाणार कोठे, हे दोन प्रश्न त्याआधी यावेत. दुकानदार त्यांविषयी बोलत नाही. त्याचे गिऱ्हाईक कोथरूडचे की पानशेतच्या जलाशयापलीकडचे, हे त्याला ठाऊक नसते.

आपल्या भागाची प्रकृती आपण जाणतोच. भाटघरच्या धरणाच्या पायथ्याशी वीजनिर्मिती होते. तरीही जुलैच्या एखाद्या रात्री तारांवर झाड पडले, की धरणाभोवतीची गावे अंधारात बसतात. तोरणा-राजगडाच्या कुशीतील वस्त्यांत, हिरडोशी खोऱ्यात, वरंध घाटाकडील वाड्यांत पाऊस कसा कोसळतो, हे निराळे सांगावयास नको. अशा घरात पहिली पाहावयाची गोष्ट म्हणजे बॅटरी. तिची क्षमता वॉट-अवर या मापात खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेली असते. लिहिणे, वाचणे, हिशेब करणे अशा हलक्या कामाला साधा लॅपटॉप ताशी सुमारे दहा वॉट-अवर खर्च करतो. म्हणजे चाळीस वॉट-अवरची बॅटरी चार तास आणि पन्नासची पाच तास टिकेल, असा ढोबळ हिशेब धरावा. जाहिरातीतील ‘बारा तास’ हे पडद्याचा प्रकाश मंद करून, अगदी सौम्य वापरात मोजलेले असतात. आणखी एक सोय आवर्जून पाहावी. आजकालच्या मोबाइलसारख्या टाइप-सी खोबणीतून लॅपटॉप चार्ज होतो का? होत असेल, तर चार्जर बिघडल्यावर पुण्याची वारी टळते आणि ताकदीच्या पॉवर बँकेवरही वेळ निभावते. मात्र खोबण टाइप-सी असली, तरी तीतून चार्जिंग होतेच असे नाही. विकत घेण्यापूर्वी हे स्पष्ट विचारून घ्यावे.

‘गेमिंग’ नावाचे जे लॅपटॉप मुलांना भुरळ घालतात, ते या कसोटीवर सहसा उतरत नाहीत. ते जड असतात, त्यांचा चार्जर विटेएवढा असतो आणि वीज गेल्यावर त्यांची बॅटरी फार वेळ साथ देत नाही. भोरहून एसटीने रोज पुण्याला जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर अडीच किलोचे ओझे कशाला? स्थापत्य किंवा यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्रिमितीय आराखडे करावे लागतात. त्याची गरज वेगळी आहे हे मान्य. पण बहुतेकांना त्या गरजेच्या नावाखाली खेळच हवा असतो, हे पालकांनी ओळखून असावे.

यंत्र जेथे वापरायचे त्या जागेचा विचार आधी करावा, हे तत्त्व एका मोठ्या प्रयोगाने जगाला दाखविले होते आणि त्याचा भारतातील पहिला अध्याय आपल्याच सह्याद्रीत लिहिला गेला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ साली ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही कल्पना मांडली. शंभर डॉलरला एक यंत्र, असे त्यांचे उद्दिष्ट होते; प्रत्यक्षात किंमत दोनशे डॉलरच्या घरात गेली. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या लहानशा गावातील एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांच्या हाती हे हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. यंत्राची रचना मोठी विचारपूर्वक होती. त्याला वीज अत्यल्प लागे, कळफलकावर रबराचे अखंड आवरण असल्यामुळे पाणी व धूळ आत जात नसे आणि त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येई. खेड्यातील मूल झाडाखाली बसूनही शिकेल, हे कोणीतरी आधी मनात आणले होते.

याच प्रयोगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पेरू या देशात असे लाखो लॅपटॉप वाटले गेले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गणित व भाषेच्या चाचण्यांत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. यंत्र घरी आले, तरी त्यावर काय करावयाचे हे शिकविणारे कोणी नसेल, तर फार काही घडत नाही. आपल्याकडील गुणवंतांच्या सत्कारसमारंभांकडे पाहताना हे वारंवार आठवते, त्याविषयी पुढे.

आता यंत्राच्या पोटात शिरू. येथे दुकानातील भाषा ग्राहकाला सर्वांत अधिक चकविते. ‘आय-७ आहे, साहेब’ असे म्हटले, की पालकांचा चेहरा उजळतो. परंतु प्रोसेसरच्या नावातील या आकड्यापेक्षा त्यापुढील अंक महत्त्वाचे असतात. इंटेलच्या आय-७ ६६००यू या प्रोसेसरमधील पहिला सहा म्हणजे सहावी पिढी, आणि त्यात काम करणारे गाभे केवळ दोन. आय-५ ८२५०यू हा नावाने धाकटा, पण आठव्या पिढीचा आणि चार गाभ्यांचा आहे. दहाव्या पिढीपासून पुढे पहिले दोन अंक मिळून पिढी सांगतात. आय-३ १२१५यू म्हणजे बारावी पिढी, आणि त्यात गाभे सहा. थोरला म्हणून जुना आय-७ घेण्यापेक्षा हा धाकटा आय-३ कितीतरी बरा.

पिढीचा हा प्रश्न निव्वळ वेगाचा नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला. विंडोज ११ अधिकृतपणे चालविण्यासाठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र आज कोणी स्वस्तात देऊ केले, तर त्याचा अर्थ एवढाच, की त्याला ते दुकानातून घालवायचे आहे. अशा यंत्रावर उबंटूसारखी मोफत प्रणाली उत्तम चालते आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती शिकणे हितकारकही आहे. पण दुकानात टॅली चालवायची असेल, तर विंडोजच हवे.

मेमरी, म्हणजे रॅम, आठ जीबीहून कमी घेऊ नये. परवडत असेल तर सोळा घ्यावी. नसेल, तर पुढे वाढविण्यासाठी आत मोकळी जागा आहे का, ते विचारावे. कित्येक पातळ लॅपटॉपांत ती पाटावर कायमची डाखलेली असते आणि मग वाढविण्याचा मार्ग बंद होतो. साठवणुकीसाठी एसएसडी असावी. २५६ जीबीत विद्यार्थ्याचे भागते, ५१२ असल्यास उत्तम. वीस-बावीस हजारांत नवा कोरा म्हणून मिळणाऱ्या काही यंत्रांत केवळ ६४ जीबीची ईएमएमसी असते. विंडोजची अद्ययावत आवृत्ती उतरविता उतरविताच ती भरून जाते. अशा यंत्रापासून दूर राहावे, हे आम्ही अगदी ठामपणे सांगू.

त्याच पैशांत दुसरा मार्ग आहे, आणि आपल्या पुणे जिल्ह्याला तो विशेष सोयीचा आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथील कंपन्या तीन-चार वर्षे वापरून झालेले लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात. डेल लॅटिट्यूड, लेनोवो थिंकपॅड, एचपी एलिटबुक ही त्यांतील नेहमीची नावे. ही यंत्रे कार्यालयीन वापरासाठी दणकट बांधलेली असतात, त्यांचा कळफलक चांगला असतो, सुटे भाग मिळतात आणि बहुतेकांची मागची पाटी चार स्क्रू काढून उघडता येते. ‘जुने’ हा शब्द आपल्या घरांत अजून कमीपणाचा वाटतो. मुलीला आहेरात दिल्यासारखा लॅपटॉप नवाच हवा, असा आग्रह धरणारे पालक पुष्कळ. पण नव्या दुबळ्या यंत्रापेक्षा जुने सशक्त यंत्र चार वर्षे अधिक निष्ठेने सेवा करील. मात्र घेताना डोळे उघडे ठेवावेत. रीतसर बिल आणि किमान सहा महिन्यांची लेखी हमी मागावी. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो; त्यात मूळ क्षमता आणि आज भरणारी क्षमता शेजारी शेजारी दिसतात. पन्नासची बॅटरी तीसच भरत असेल, तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करण्यास सांगावे. बिजागरी उघडून-मिटून पाहावी. सर्व कळा दाबून पाहाव्यात, कॅमेरा व वाय-फाय तेथेच चालवून पाहावे. विंडोज अस्सल परवान्याची आहे ना, हेही तपासावे.

नवा लॅपटॉप घेतला, तर हमीच्या कागदावरील एक बारीक शब्द पाहावा. तंत्रज्ञ घरी येणार, की यंत्र आपण केंद्रावर न्यायचे? भोरहून पुणे पन्नासेक किलोमीटर. वेल्ह्याकडच्या आतल्या गावांतून तर एका फेरीत दिवस जातो आणि मुलाचे दोन तास बुडत नाहीत, पूर्ण दिवस बुडतो. घरपोच सेवा असली, तरी ती आपल्या पिन कोडला लागू आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर खरेदीआधी पाहता येते. वेल्हे तालुका आता कागदोपत्री राजगड झाला आहे, तेव्हा नावाने शोधू नये, पिन कोडनेच शोधावे. दोन यंत्रे इतर बाबतींत सारखी असतील, तर ज्याची घरपोच सेवा आपल्या गावापर्यंत येते, ते हजार-दीड हजार जास्त देऊनही घ्यावे.

पैशांविषयी थोडे. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दांवर भाळू नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल ताकीद दिली होती. व्याज कोठेतरी असतेच. प्रक्रियाशुल्कात, किंवा रोखीने मिळाली असती त्या सवलतीत. दुकानासाठी लॅपटॉप घेणाऱ्या व्यापाऱ्याने जीएसटी क्रमांकासह बिल घ्यावे. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे आणि व्यवसायासाठी घेतलेल्या यंत्रावरील कर इनपुट टॅक्स क्रेडिटच्या रूपाने परत मिळतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मात्र हा लाभ नाही. ऑफिसच्या संचासाठी निराळे पैसे मोजण्यापूर्वी तो लॅपटॉपसोबत कायमचा मिळतो की वर्षभराचाच, हे पाहावे. लिब्रेऑफिस मोफत आहे आणि विद्यार्थ्याच्या बहुतेक कामाला पुरते.

आता त्या सत्कारसमारंभांविषयी. गावोगावच्या समाजनिधींतून गुणवंत विद्यार्थ्यांना लॅपटॉप देण्याची प्रथा स्तुत्य आहे. परंतु एकाच दुकानातून एकाच जातीची, स्वस्तात स्वस्त वीस यंत्रे घेऊन व्यासपीठावर वाटली, तर वाणिज्याच्या मुलीला आणि वास्तुशास्त्राच्या मुलाला तेच यंत्र मिळते, आणि बहुधा ते दोघांच्याही उपयोगाचे नसते. विश्वस्तांनी त्याऐवजी रक्कम ठरवावी, विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम व गाव विचारावे आणि समाजातील संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या तरुणाला त्याच्यासोबत खरेदीला पाठवावे. वर्षभर अडचण आली तर त्याच तरुणाला फोन करता येईल, एवढी व्यवस्था झाली तरी पुरे. छायाचित्र थोडे साधे येईल.

एक राहिले. जुन्या वाड्यांतील विजेच्या जोडणीत अर्थिंग पुष्कळदा नसते किंवा नावापुरतेच असते. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर हाताला झिणझिण्या जाणवल्या, तर यंत्राला दोष देण्याआधी गावातील वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. खर्च शे-पाचशेचा असतो. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला, की चार्जरची पिन भिंतीतून काढून ठेवावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. आणि श्रावणात यंत्र चुलीच्या धुरापासून व ओल्या भिंतीपासून दूर, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवावे. औषधांच्या बाटल्यांतून आणि बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या या पुड्या आपण फेकून देतो. त्या उन्हाळ्यापासूनच जमवायला लागावे.