शाबासकीची बिदागी

युरोपांतील स्वतंत्र ॲनिमेशनपट आणि लघुपट यांविषयीं आपल्याकडे जें कांहीं लिहिलें-बोललें जातें, त्यांत एक विधान हटकून असतें. अमक्या कलावंतानें एका लहानशा खोलींत, एकट्यानें, पांच वर्षें खपून आठ मिनिटांचा चित्रपट तयार केला. पैशाकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. आणि म्हणूनच तो इतका श्रेष्ठ झाला. विधान ऐकावयास गोड आहे. सुशिक्षित घरांत तें मुलांना आदर्श म्हणून सांगितलेंही जातें. आम्हांस तें खोटें वाटतें, आणि नुसतें खोटें नव्हे, तर घातुक वाटतें. कारण ज्यांची स्तुति करण्यासाठीं तें उच्चारलें जातें, त्यांच्याच पोटावर तें पाय देतें.

खोड जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनीं दागिने काढून दिले, ही कथा आपण अभिमानानें सांगतों. त्याच फाळक्यांचीं 1944 पर्यंतचीं अखेरचीं वर्षें नाशकांत कशा ओढगस्तींत गेलीं, हें सांगतांना मात्र आपला आवाज खालीं येतो.

प्रथम कामाचा हिशेब पाहूं. चित्रपटांत सेकंदास 24 चित्रें डोळ्यांपुढून सरकतात. आठ मिनिटांस तीं 11,520 झालीं. एक चित्र दोनदां टिपण्याची सवलत घेतली, तरी 5,760 निरनिराळीं चित्रें काढावीं लागतात. रोज 20 चित्रें हातावेगळीं करणारा चित्रकार कसलेलाच म्हटला पाहिजे. त्यालाही यांत 288 दिवस जातात. कथा रचणें, पार्श्वभूमि रंगविणें, ध्वनि बसविणें, बिघडलेलें पुन्हां काढणें हें सारें वेगळेंच. या दिवसांचें खोलीचें भाडें आणि दाणापाणी कोणी तरी भरीत असतो. तो कोण, हा प्रश्न आपले रसिक विचारीत नाहींत. आम्ही तोच विचारणार आहों.

लोटे रायनिगर या जर्मन बाईंनीं काळ्या कागदांतून कातरलेल्या आकृतींचा 'राजपुत्र अहमदचीं साहसें' हा पूर्ण लांबीचा चित्रपट 1926 सालीं पुरा केला. डिस्नेची हिमगौरी त्यानंतर अकरा वर्षांनीं आली. कात्री धरणाऱ्या त्या बोटांचें कौतुक करावें तितकें थोडें! परंतु पोट्सडाम येथें आपल्या गॅरेजच्या वर त्यांच्यासाठीं कामाची जागा करून देणारा आणि खर्च सोसणारा लुई हागेन हा पेढीवाला नसता, तर तीं बोटें तीन वर्षें त्याच कामांत राहतीं काय? शिवाय रायनिगर एकट्याही नव्हत्या. पति कार्ल कोख कॅमेऱ्यापाशीं होते. वाल्टर रुटमान आणि बेर्टोल्ड बार्टोश हे साहाय्यास होते. "एकटीनें" हा शब्द प्रशंसकाचा आहे, प्रत्यक्षांतला नव्हे.

आतां खरोखरच एकट्यानें काम करणाऱ्याचें उदाहरण हवें असेल, तर याच बार्टोशचें घ्या. पॅरिसमध्यें एका नाट्यगृहावरच्या चिंचोळ्या खोलींत बसून त्यानें फ्रान्स मासरेलच्या काष्ठचित्रांवरून 'कल्पना' हा सुमारें पंचवीस मिनिटांचा चित्रपट 1932 सालीं सिद्ध केला. आर्थर ओनेगरनें त्यास संगीत दिलें. ज्यानें तो पाहिला आहे त्यास धुरकट प्रकाशांतून सरकणारी ती शुभ्र स्त्रीमूर्ति विसरतां येणार नाहीं. पण पुढें काय? त्याच्या पुढच्या चित्रपटाचें काम महायुद्धाच्या काळांत नष्ट झालें आणि तशा तोलाची दुसरी कृति त्याच्याकडून जगास मिळाली नाहीं. खोली, एकांत आणि तपश्चर्या यांचें फळ म्हणजे एका आयुष्यांत एक चित्रपट!

अलेक्झांद्र अलेक्सेयेफ आणि त्याची सहधर्मिणी क्लेअर पार्कर यांची हकीकत तर अधिक बोलकी आहे. लाखों बारीक टांचण्या पडद्यांत खोंचून, त्या कमीअधिक पुढेंमागें ढकलून आणि बाजूनें प्रकाश सोडून, त्यांच्या सावल्यांतून चित्र उठविण्याची युक्ति त्यांनीं काढली. मुसोर्ग्स्कीच्या संगीतावरील त्यांची 'उजाड डोंगरावरील रात्र' 1933 सालीं निघाली. जाणत्यांनीं वाहवा केली. वाहवेवर घर चालेना, म्हणून हें दांपत्य जाहिरातींकडे वळलें. कॅनडांत केलेली एक चिमुकली फिल्म सोडली, तर त्यांचा पुढचा स्वतंत्र चित्रपट, गोगोलच्या कथेवरील 'नाक', 1963 सालीं आला. मधल्या तीस वर्षांत त्या टांचण्यांनीं किती कथा सांगितल्या असत्या याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. कारण न झालेल्या चित्रपटास समीक्षक नसतो.

उलट बाजू पाहा. जेथें कोणीं नियमानें पैसा घातला, तेथें पीक आलें. फ्रान्समध्यें लघुपटांस 1940 पासून कायद्याचा आधार होता. 1953 सालीं तो काढून घेण्याचें ठरतांच लघुपटकारांनीं 'तिसांचा गट' या नांवानें एकजूट केली, आणि दर्जा पाहून लघुपटांस सरकारी पारितोषिक देण्याची पद्धत पदरांत पाडून घेतली. आलँ रेने त्यांतलाच. त्याचा 'रात्र आणि धुकें' हा छळछावण्यांवरील लघुपट याच काळांतला. आज तेथें जो कलाकामगार बारा महिन्यांत 507 तास काम केल्याचें दाखवितो, त्यास दोन कामांमधल्या रिकाम्या दिवसांत बेकारी-भत्ता मिळतो. ही कृपा नव्हे, विमा आहे. इंग्लंडांत चॅनेल फोर ही दूरचित्रवाणी 1982 सालीं निघाली आणि प्रौढांसाठीं ॲनिमेशन करवून घेऊं लागली; निक पार्कची मातीचीं जनावरें त्याच आश्रयाखालीं बोलूं लागलीं आणि ऑस्कर घेऊन गेलीं. नव्या शतकाच्या आरंभीं वाहिनीनें हात आखडता घेतला आणि तो ओघ आटला. कलावंतांची प्रतिभा त्याच वर्षीं संपली, असें म्हणण्याचें धाडस कोणी करील काय?

येथें एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाहीं. जो पोसतो तो हुकूमही सोडतो. चेकोस्लोव्हाकियाच्या यिर्झी त्रन्कानें 1965 सालीं 'हात' हा बाहुलीपट केला. फुलासाठीं कुंडी घडविणारा एक साधा जीव, आणि माझीच मूर्ति घडव म्हणून त्याच्या घरांत शिरणारा एक अजस्र हात, एवढीच कथा. चित्रपट सरकारी पैशानें झाला आणि 1969 सालीं त्रन्का वारल्यावर त्याच सरकारनें तो दडवून ठेवला. हें खरें आहे. पण यावरून पोसणाराच नको असें ठरत नाहीं. तो एकच नको, इतकें ठरतें. मध्यवर्ती निधि, प्रांत, दूरचित्रवाणी आणि परदेशचे भागीदार असे चार दरवाजे असले, तर एक बंद झाल्यानें माणूस उपाशी मरत नाहीं. क्लेर्मों-फेराँच्या सुप्रसिद्ध लघुपट महोत्सवाचें अनुदान प्रांतिक सरकारनें 2023 सालीं जवळजवळ निम्म्यानें कापलें, तरी महोत्सव उभा राहिला तो याच कारणानें.

दुसरा आक्षेप अगदीं ताजा आहे. लाटव्हियाच्या गिन्ट्स झिल्बालोदिसचा 'फ्लो' हा मांजराचा चित्रपट 2025 च्या मार्चमध्यें ऑस्कर घेऊन गेला, आणि तो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या संगणक-साधनावर झालेला. झालें! आतां पैसा लागतच नाहीं, असा डांगोरा पिटला जाऊं लागला. लेखणी स्वस्त झाली म्हणून लेखकाचें जेवण स्वस्त होतें काय? 'फ्लो'स सुमारें 35 लाख युरो लागले, आणि ते उभे करण्यास लाटव्हिया, फ्रान्स आणि बेल्जम असे तीन देश खपले. हॉलिवुडच्या मानानें ही रक्कम किरकोळ खरी. पण किरकोळ म्हणजे शून्य नव्हे. झिल्बालोदिसनें 'अवे' हा त्यापूर्वींचा चित्रपट संगीतासकट सर्वस्वी एकट्यानें केला होता. एवढें करून दाखविल्यावर पुढच्या खेपेस त्यानें मंडळी जमविली. एकांताची थोरवी गाणाऱ्यांनीं यावर विचार करावा.

महोत्सवांविषयीं थोडें कटु बोलणें भाग आहे. आनसीचा ॲनिमेशन महोत्सव 1960 पासून चालू आहे. अशा मेळ्यांनीं या कलेस बिरादरी दिली, हें ऋण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु महोत्सवांत खानावळवाला पैसे घेतो, खुर्च्या मांडणारा घेतो, यंत्र चालविणारा घेतो. ज्याच्या चित्रपटासाठीं ही सारी जत्रा भरते त्यास पुष्कळ ठिकाणीं गळ्यांत अडकविण्याची चिठ्ठी आणि टाळ्या मिळतात. कित्येक ठिकाणीं तर प्रवेशाची फी तोच भरतो. हें यजमानाकडून जेवणाचे पैसे घेण्याइतकें नव्हे, आचाऱ्याकडून घेण्याइतकें विपरीत आहे. आणि याचा खरा तोटा एका-दोघांच्या खिशाचा नाहीं. बिनपगारी कला शेवटीं त्यांच्याच हातीं राहते ज्यांच्या घरीं बापजाद्यांचें कांहीं आहे. कारखान्यांतील मजुराच्या मुलीस पांच वर्षें खोलींत बसतां येत नाहीं. तिची कथा पडद्यावर येतच नाहीं, आणि तिच्या वतीनें दुसराच कोणी हळहळतो.

राहतां राहिले आपण. मुंबई-पुण्याच्या फिल्म सोसायट्यांतून हे लघुपट दाखविले जातात तेव्हां सभागृहाचें भाडें, चहापान आणि निमंत्रणपत्रिका यांचा खर्च अंदाजपत्रकांत असतो. त्यांतच आणखी एक ओळ घालावी: चित्रपटकर्त्याचें भाडें. रक्कम लहान असो. दहा मिनिटांच्या चित्रपटास चहाच्या खर्चाइतकी तरी असावी. ती देणें जमत नसेल त्या महिन्यांत एक चित्रपट कमी दाखवावा.