इफ्तारनंतरचे दोन चमचे

रमजानचे पहिले चार-पाच रोजे झाले की पोट साफ होत नसल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. दिवसभर पाणी नाही, इफ्तारला भजी-समोसे, सहरी घाईत. नवरात्रात साबुदाण्यावर राहणाऱ्यांनाही हे नवे नाही. मग मेडिकलमधून बाटली येते आणि लेबल न वाचताच चमचा भरला जातो.

अशा बाटलीत बहुधा दोन-तीन औषधे एकत्र असतात. लिक्विड पॅराफिन मळ सरकवते, मिल्क ऑफ मॅग्नेशिया आतड्यात पाणी ओढते, काहींतले सोडियम पिकोसल्फेट आतड्याला चालना देते. त्याला ६ ते १२ तास लागतात. तरावीहनंतर घेतलेला डोस सहरीच्या सुमारास किंवा सकाळी लागू पडतो. दोन तासांत फरक नाही म्हणून पुन्हा घेणे, हीच खरी चूक. मग ऐन रोजात जुलाब आणि पाणी पिता येत नाही!

लेबलवरचेच माप एकदा घ्यावे आणि सहरीपर्यंत पाणी भरपूर प्यावे. पॅराफिन घेऊन लगेच आडवे होऊ नये. तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी, गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडू नये. पोटात कळ, उलटी किंवा मळात रक्त असेल तर रेचक नको, दवाखाना गाठावा. आठवड्याहून अधिक दिवस औषध लागत असेल तरीही तेच. इसबगोल, पपई, भिजवलेले अंजीर आधी करून पाहावे. जुलाबाने चक्कर आली तर आजाऱ्याला रोजा सोडण्याची मुभा आहे. तो रमजाननंतर भरून काढता येतो.