शेवटची ओळ वाचल्याशिवाय बटण दाबू नका



अनेक घरांत असे घडते. संगणक चालू करावा, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे भराभर सरकावीत आणि मध्येच सगळे ठप्प व्हावे. कोणीतरी बटण दाबून तो बंद करतो, पुन्हा चालू करतो. दोन-चार वेळा तेच झाले की संगणक दुरुस्तीला जातो. तिथे ‘फॉरमॅट मारावा लागेल’ एवढेच उत्तर मिळते. मग निकाहाचे फोटो, मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद, मरहूम आजोबांच्या आवाजातील तिलावत, सगळे पुसले जाते. पुष्कळदा त्याची गरजच नसते. काय बिघडले ते यंत्राने पडद्यावरच्या शेवटच्या चार ओळींत सांगितलेले असते. ती यंत्राची गवाही असते आणि आपण ती न ऐकताच साक्षीदाराला घालवून देतो.

ही गवाही कोण देतो, कशी देतो आणि आपण ती कशी ऐकावी, हे या महिन्यात आम्ही सांगणार आहोत. उदाहरण लिनक्सचे घेतो, कारण त्याची आतली सगळी रचना कोणालाही वाचायला खुली आहे.

कर्नेल आणि त्याचा कन्सोल

बदाम फोडला की आत गर निघतो. इंग्रजीत त्या गराला कर्नेल म्हणतात. संगणकातला सर्वांत आतला कार्यक्रम म्हणून त्यालाही तेच नाव पडले. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर कोणी कधी लिहायचे, दाबलेली कळ कोणत्या कार्यक्रमाकडे पोचवायची, हे सारे तो पाहतो. लिनक्सचा कर्नेल लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिहायला घेतला. त्याची सुरुवात अगदी साधी होती. घरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकाशी बोलता यावे, म्हणून त्याने एक छोटा कार्यक्रम लिहिला होता. त्याचा एक भाग कळा वाचून पलीकडे पाठवी आणि दुसरा भाग पलीकडून आलेली अक्षरे पडद्यावर काढी. तोच वाढत वाढत कर्नेल झाला. आज आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नेल चालतो.

कर्नेलला माणसाशी थेट बोलण्यासाठी जी जागा असते तिला कन्सोल म्हणतात. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्स तयार झाले तेव्हा ही जागा म्हणजे टेलिटाइप नावाचे टंकयंत्र होते. त्याचे मॉडेल 33 सेकंदाला 10 अक्षरे कागदावर उमटवी. लिनक्समध्ये अशा उपकरणांची नावे आजही ‘टीटीवाय’ने सुरू होतात, ती त्या टेलिटाइपची आठवण. कागदाचा एक फायदा होता. यंत्र बंद पडले तरी छापलेली ओळ हातात राही.

आता कन्सोल म्हणजे समोरचा पडदा असू शकतो, सिरियल तार असू शकते किंवा नेटवर्कवरचा दुसरा संगणकही असू शकतो. एकाहून अधिक कन्सोल नेमता येतात आणि कर्नेलचे निरोप त्या सगळ्यांवर जातात. कर्नेलनंतर जो पहिला कार्यक्रम सुरू होतो, त्याचे वाचणे-लिहिणे कन्सोलवरूनच चालते. कन्सोल सापडला नाही तर कर्नेल तशी ताकीद नोंदवून पुढे जातो. ऐकणारा नाही म्हणून काम थांबवत नाही.

फळा आणि लाउडस्पीकर

मोहल्ल्यातल्या मशिदीचा व्यवहार आठवा. मदरशाच्या सुटीची सूचना फळ्यावर लिहिली जाते. लहान मूल हरवले किंवा जनाजा असला, तर लाउडस्पीकरवरून एलान होते. कर्नेलचेही तसेच आहे. त्याच्या प्रत्येक निरोपाला 0 ते 7 असा क्रमांक असतो. 0 म्हणजे व्यवस्था वापरण्याजोगी उरली नाही, 3 म्हणजे चूक झाली, 4 म्हणजे ताकीद, 6 म्हणजे नुसती माहिती आणि 7 म्हणजे कारागिरांसाठीचा बारीक तपशील. कन्सोलला एक मर्यादा घालून दिलेली असते. त्या मर्यादेपेक्षा लहान क्रमांकाचेच निरोप पडद्यावर येतात, बाकीचे नोंदीत राहतात.

लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या संगणक सुरू होताना ‘क्वाएट’ हा शब्द कर्नेलला देतात. क्वाएट म्हणजे गप्प. त्याने ही मर्यादा 4 वर येते, म्हणजे 0 ते 3 एवढेच निरोप दिसतात. वरून फिरते चित्र दाखवून तेही झाकले जातात. पडदा सुंदर दिसतो, पण संगणक अडला तर का अडला ते कळत नाही. अशा वेळी एस्केपची कळ दाबून पाहावी. पुष्कळ संगणकांवर चित्र बाजूला होते आणि मागच्या ओळी दिसू लागतात.

आधी नोंद, मग एलान

निरोप मोठा असो वा लहान, कर्नेल तो आधी मेमरीतल्या नोंदवहीत लिहितो आणि मग कन्सोलकडे देतो. ही वही रहाटगाडग्यासारखी असते. गाडगी ठरावीक, भरत-रिकामी होत फिरत राहणारी. जागा संपली की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी नोंद बसते.

आधी नोंद का, तर कन्सोल फार मंद असतो. सिरियल तारेचे उदाहरण घ्या. तिचा प्रचलित वेग सेकंदाला 1,15,200 बिट. एका अक्षराला मागचे-पुढचे धरून 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 11,520 अक्षरे. ऐंशी अक्षरांची एक ओळ पोचायला सुमारे 7 मिलिसेकंद जातात. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही, पण 3 गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात 2 कोटींहून अधिक ठोके पडून जातात. पूर्वी जो प्रोसेसर निरोप द्यायला येई, त्यालाच पुष्कळदा इतरांचेही साठलेले निरोप छापत बसावे लागे. त्याचे स्वतःचे काम तोवर खोळंबे. 2018 मध्ये यात एक सुधारणा झाली. निरोप घेऊन दुसरा प्रोसेसर आला की पहिल्याने छापण्याचे काम त्याच्या हाती द्यायचे आणि आपल्या कामाला लागायचे.

कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या संगणकांना एवढाही उशीर परवडत नाही. त्यांच्यासाठी लिनक्समध्ये ‘रिअल-टाइम’ व्यवस्था आणण्याचे काम सुमारे 20 वर्षे चालले होते. 2024 मध्ये 6.12 या आवृत्तीत ती मुख्य कर्नेलमध्ये आली. शेवटपर्यंत अडून राहिलेल्या गोष्टींत हा कन्सोलच होता. आता नवी व्यवस्था अशी की एरवी छापण्याचे काम एक वेगळा सेवक सवडीने करतो आणि संकट आले की कर्नेल स्वतः थेट बोलतो.

‘नॉट सिंकिंग’चा अर्थ

त्यातले सर्वांत मोठे संकट म्हणजे कर्नेल पॅनिक. पुढे चालणे धोक्याचे आहे असे दिसले की कर्नेल स्वतःहून थांबतो. पडद्यावर ओळ येते, ‘कर्नेल पॅनिक, नॉट सिंकिंग’ आणि पुढे कारण. ‘नॉट सिंकिंग’ या दोन शब्दांकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण घरच्या माणसाने समजून घ्यावेत असे हेच शब्द आहेत.

डिस्कवर लिहायचा मजकूर कर्नेल काही वेळ मेमरीत ठेवतो आणि मग डिस्कवर उतरवतो. या उतरवण्याला सिंक म्हणतात. पॅनिकमध्ये तो हे काम मुद्दाम करत नाही. मेमरीत काय बिघडले आहे याचा भरवसा उरलेला नसतो. तिच्यातले लिहायला जावे तर डिस्कवरची धड माहितीही खराब व्हायची. ती माहिती आपली अमानत आहे. ज्याला स्वतःच्या शुद्धीची खात्री नाही त्याने अमानतीला हात लावू नये, हा शहाणपणा या रचनेत आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली दिलाशाची. पॅनिक दिसले म्हणून डिस्कवरचे सगळे गेले असे समजू नये. जतन न केलेले ताजे काम जाईल, पण आधी लिहिलेले बहुतेक जागच्या जागी असते. दुसरी सावध करणारी. डिस्कवर लिहिणेच थांबल्यामुळे पॅनिकचा निरोपही सहसा डिस्कवर पोचत नाही. तो मेमरीत असतो आणि कन्सोलवर असतो. काही फोन आणि संगणक शेवटच्या नोंदी एका राखीव जागेत जपतात, पण सर्वच यंत्रांत तशी सोय चालू नसते. त्यामुळे आपण बटण दाबले की ती गवाही कायमची नाहीशी होते.

तो शेवटचा निरोप बाहेर पडावा म्हणून कर्नेल स्वतःची शिस्तही मोडतो. एरवी एका वेळी एकानेच कन्सोल वापरायचा असतो आणि बाकीच्यांनी थांबायचे असते. पॅनिकमध्ये मात्र इतर प्रोसेसर थांबवले जातात आणि कन्सोल ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडून, गरज पडल्यास जबरीने, काढून घेतला जातो. नमाज चालू असताना कोणाचा जीव धोक्यात दिसला तर नमाज तोडून त्याला वाचवावे, असे आपल्याला शिकवले आहे. त्या क्षणी रोजची शिस्त मागे राहते.

पडद्यावर चित्रमय व्यवस्था चालू असताना पॅनिक झाले, तर पूर्वी ओळी दिसतच नसत. पडदा गोठे आणि पुष्कळ लॅपटॉपवर कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राही. तो दिवा आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. 2024 पासूनच्या कर्नेलमध्ये अशा वेळीही पडद्यावर निरोप दाखवण्याची सोय आली असून, फोनने टिपता येईल असा क्यूआर कोडही काढता येतो.

घरी काय करावे

सर्वांत आधी फोनने पडद्याचा स्वच्छ फोटो घ्या. अक्षरे कळली नाहीत तरी चालेल, पण वाचता आली पाहिजेत. मग या खुणा शोधा.

‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ असे असेल तर कर्नेलला आपली मूळ फाइल-व्यवस्था उघडता आलेली नाही. अद्ययावत करताना एखादी फाइल राहून गेलेली असू शकते, डिस्कची तार सैल असू शकते किंवा डिस्कच बिघडलेली असू शकते. पहिल्या दोन कारणांत फॉरमॅटची गरज नसते.

‘आय-ओ एरर’ आणि पुढे डिस्कचे नाव अशा ओळी पुन्हा पुन्हा येत असतील, तर डिस्क थकली असण्याचा संभव मोठा. इथे संगणक वारंवार चालू-बंद करू नका. आधी माहिती दुसरीकडे उतरवून घ्या.

‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर मेमरी अपुरी पडली. पुढे ज्या कार्यक्रमाचे नाव येते तो कर्नेलने बंद केला आहे. दोष त्याचाच असेल असे नाही.

विंडोजवाल्या घरांतही रीत तीच. तिथे निळा किंवा काळा पडदा येतो आणि खाली स्टॉप कोड असतो. ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा वरच्या पहिल्या ओळीचा सख्खा भाऊच म्हणा.

फोटो घेऊन दुकानात जा आणि नम्रपणे सांगा, “भाई, आधी ही ओळ वाचा. फॉरमॅट करण्याआधी पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून आमची माहिती उतरवून द्या.” जाणकार कारागीर याचा राग मानणार नाही. त्याचा अर्धा शोध तुम्ही वाचवलेला असतो.

घरातल्या मुलांनाही हे शिकवा. न समजणारी अक्षरे दिसली की बटणाकडे हात जातो, तो क्षणभर आवरायचा आणि आधी वाचायचे. गवाही दडवू नये हे आपण मुलांना सांगतो. दिलेली गवाही ऐकून घेणे हीही तेवढीच जबाबदारी आहे.

पुढील अंकात घरातील फोटो आणि कागदपत्रे दोन ठिकाणी कशी जपून ठेवावीत ते पाहू, इन्शाअल्लाह.