होडी आपल्या मापाची

निवृत्तीनंतर कोकणातील घरी परतलेल्या अनेक ज्येष्ठांच्या मनात एक जुनी इच्छा पुन्हा डोके वर काढते. लहानपणी खाडीच्या काठावर गरी टाकून बसलेला जीव आता होडीत बसून निवांत गरवावे असे म्हणू लागतो. घरच्यांचा पहिला शब्द असतो, ‘या वयात?’ मग दोहोंपैकी एक घडते. ज्येष्ठ मन मारून घरी बसतात, किंवा कोणालाही न सांगता मिळेल ती होडी घेऊन पहाटे निघतात. दुसरी गोष्ट उघडच धोक्याची आहे. पण पहिलीही निरुपद्रवी नाही. आवडीचे काम सुटले की हालचाल कमी होते, आणि हालचाल कमी झाली की तोल अधिकच जातो.

वाचकहो, या दोन टोकांमध्ये एक तिसरा मार्ग आहे. पंचवीस वर्षांच्या कोळ्याची होडी सत्तरीच्या गुडघ्यांना चालणार नाही. परंतु त्या गुडघ्यांच्या मापाने निवडलेली आणि सजवलेली होडी चालू शकते. ती कशी निवडावी आणि कशी सिद्ध करावी, याचा विचार या अंकात करू.

आधी शरीराचे माप

होडी पाहण्यापूर्वी घरातील एक साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर घेऊन अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते, ते कोणाला तरी मोजायला सांगावे. ७० ते ७४ या वयोगटात पुरुषांना १२ आणि स्त्रियांना १० वेळांपेक्षा कमी जमत असेल, तर पडण्याचा धोका अधिक मानला जातो. अशा वेळी आधी काही आठवडे पायांचे व्यायाम करावेत. होडी कोठे पळून जात नाही.

दुसरी परीक्षा अधिक महत्त्वाची. होडीतील बैठक खुर्चीपेक्षा बरीच खाली असते. म्हणून सुमारे एक फूट उंचीच्या चौरंगावर बसून, दोन्ही बाजूंच्या आधाराला हात लावून, कोणाच्या मदतीशिवाय उठता येते का हे पाहावे. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाबाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे. फेफरे, वारंवार येणारी भोवळ, नुकतीच झालेली सांध्याची शस्त्रक्रिया किंवा स्मृतिभ्रंश असल्यास एकट्याने होडीत जाण्याचा विचारच करू नये.

रुंदी, तळ आणि वजन

होडीच्या स्थैर्यात सर्वांत मोठा वाटा रुंदीचा. लांबी तीच ठेवून पाण्यालगतची रुंदी वाढवली, तर कलण्याला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ७५ सेंटीमीटरऐवजी ९० सेंटीमीटर रुंदीची होडी घेतली, तर रुंदी वाढते केवळ एकपंचमांशाने. पण तो विरोध जवळजवळ पावणेदोन पट होतो. म्हणून ज्येष्ठांनी ९० सेंटीमीटरच्या आसपासची किंवा त्याहून थोडी अधिक रुंदी शोधावी. अरुंद होडी वेगाने जाते हे खरे. पण गरवायला जाणाऱ्याला शर्यत जिंकायची नसते.

तळ गोल असेल तर होडी क्षणोक्षणी डुलते. सपाट तळ शांत पाण्यात भक्कम वाटतो. मात्र लाटांत तो लाटेच्या उताराबरोबर कलतो. संथ खाडीसाठी अगदी थोडा बाक असलेला, जवळजवळ सपाट तळ उत्तम. लांबीचे म्हणाल तर एकट्यासाठी चार मीटरच्या आसपास आणि दोघांसाठी साडेचार ते पाच मीटर पुरे. ज्येष्ठांनी दोघांचीच होडी घ्यावी, कारण सोबत कोणी असणे ही या साऱ्या व्यवस्थेची पहिली अट आहे.

वजनाकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. या मापाच्या फायबरच्या, प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या होडीचे वजन साधारण ३० ते ४० किलो असते. आंब्याचे खोड कोरून केलेली जुन्या पद्धतीची होडी याहून पुष्कळ जड. पाठ बहुधा पाण्यात दुखावत नाही, काठावर होडी उचलताना दुखावते. तेव्हा होडीबरोबर दोन चाकांची छोटी गाडी करून घ्यावी आणि उचलण्याचे काम तरुण हातांवर सोपवावे.

तरीही तोलाची धास्ती वाटत असेल, तर उपाय आपल्याच किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या आहे. तो म्हणजे उलांडी. होडीला आडव्या दोन काठ्या बांधून त्यांच्या टोकाला लाकडाचा तरंगता ओंडका जोडला की अरुंद होडीसुद्धा सहज कलंडत नाही. आज परदेशांत हौशी मासेमारांसाठी दोन्ही बाजूंना लावायचे पोकळ तरंगते नळकांडे विकले जाते, त्यामागचे तत्त्व हेच. उलांडी बैठकीच्या थोडी मागे असावी, म्हणजे दोर तिच्यात अडकत नाही. आणि चढण्या-उतरण्यासाठी एक बाजू मोकळी ठेवावी.

बैठक: जितकी खाली तितकी सुरक्षित, पण उठता येईल इतकी वर

बसलेल्या माणसाच्या वजनाचा मध्य जितका वर, तितकी होडी कलायला अधीर. तळावर मांडी घालून बसणे म्हणूनच सर्वांत सुरक्षित; परंतु संधिवाताच्या गुडघ्यांना ते अशक्य. यातून मधला मार्ग काढावा लागतो. तळापासून २५ ते ३० सेंटीमीटर उंचीची, दोन्ही काठांना पक्की बसवलेली फळी, तिच्यावर पातळ गादी आणि पाठीला आधार, अशी बैठक बहुतेकांना मानवते. पाय पुढे सैल पसरता आले पाहिजेत.

काही ठिकाणी प्लॅस्टिकची घरगुती खुर्चीच होडीत ठेवलेली दिसते. तसे कदापि करू नये. ती उंच असते, सरकते आणि होडी जराशी हलताच बसणाऱ्यासह कलंडते.

बसल्यावर दर वीस मिनिटांनी घोटे फिरवावेत, पायांची बोटे हलवावीत. पायाला मुंग्या आलेल्या अवस्थेत उतरणे, हे पडण्याचे हमखास कारण असते. एकूण वेळ दीड-दोन तासांपलीकडे नेऊ नये.

वल्हे, नांगर आणि सामान

वल्हे हलके असावे, कारण तेच वजन खांद्याला शेकडो वेळा पुढेमागे करावे लागते. खुर्चीवर ताठ बसून वल्ह्याची मूठ बैठकीवर टेकवावी. पाते जेथे सुरू होते ती जागा नाकासमोर आली तर लांबी योग्य. खांदा वर उचलताना दुखत असेल, तर वल्हवणे सोबत्याकडे द्यावे आणि आपण पुढे बसून केवळ गरी सांभाळावी. एक जादा वल्हे नेहमी बरोबर असावे.

नांगर दीड-दोन किलोचा पुरतो. दोर मात्र पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट हवा. तीन मीटर पाण्यात पंधरा मीटर दोर. तो नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला बांधावा. मधल्या बाजूला बांधलेला नांगर प्रवाहात होडी आडवी धरतो, काठ पाण्याखाली ओढतो आणि होडी भरते. गाठ एका झटक्यात सुटणारी असावी, आणि धारदार सुरी हाताशी असावी.

सामान थोडे, खाली आणि मध्यभागी ठेवावे. काठीसाठी पकड बसवून घेतली तर हात मोकळे राहतात. झेला लांब दांड्याचा असावा, म्हणजे मासा घेण्यासाठी काठाबाहेर वाकावे लागत नाही. गळांची डबी झाकणाची हवी. पाणी उपसण्यासाठी एक भांडे दोरीने बांधून ठेवावे. मोबाइल जलरोधक पिशवीत घालून गळ्यात अडकवावा आणि जॅकेटला शिट्टी बांधावी.

जीवरक्षक जॅकेट होडीत असणे आणि अंगावर असणे यांत जीवनमरणाचे अंतर आहे. उलटलेल्या होडीजवळ पाण्यात ते घालणे तरुणालाही जड जाते. काठावरच घालावे, पट्टे आवळावेत आणि परत काठावर आल्यावरच काढावे. पोहता येते, हे न घालण्याचे कारण होऊ शकत नाही.

पाण्याची वेळ

भरती-ओहोटीसाठी कोकणातील जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे: तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची साधारण वेळ मिळते. दशमीला साडेसात, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. प्रत्येक खाडीत यात थोडा फरक पडतो. तो तेथील कोळी बांधवांना विचारून घ्यावा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचा असतो. ज्येष्ठांनी अष्टमीच्या आसपासचे, भांगाच्या भरतीचे दिवस निवडावेत. दशमीला सकाळी सहाला निघालात, तर पाणी खाडीत आत येत असते. दमलात तरी प्रवाह समुद्राकडे ओढत नाही, आणि साडेसातच्या थांबलेल्या पाण्यात परतणे सोपे जाते. ओहोटी लागल्यावर खाडीच्या मुखाजवळ थांबू नये. पावसाळ्यात होडी पालथी घालून झाकून ठेवावी. हा ऋतू गरवण्याचा नव्हे. काठावरून हाक ऐकू येईल त्यापलीकडे कधीही जाऊ नये.

चढताना, बसताना, उतरताना

काठावर होडी सोबत्याने घट्ट धरावी. आपण वाकून दोन्ही हात होडीच्या दोन काठांवर ठेवावेत, एक पाय होडीच्या मध्यरेषेवर टाकावा, वजन हळूहळू त्यावर आणावे आणि मग दुसरा पाय घ्यावा. दोन हात आणि एक पाय यांचा आधार अखेरपर्यंत सुटू देऊ नये. एकदा बसल्यावर उभे राहू नये.

येथे एक संकोचाची गोष्ट स्पष्ट बोलणे भाग आहे. पुरुषांकडून हा नियम बहुधा मोडतो तो लघवीसाठी. प्रोस्टेटचा त्रास किंवा लघवी वाढवणारी गोळी असेल, तर ही वेळ येणारच. रुंद तोंडाची, झाकणाची बाटली बरोबर ठेवावी आणि बसूनच वापरावी. गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. लघवी टाळण्यासाठी पाणी पिणे मात्र कमी करू नये.

मधुमेहींनी अनवाणी होडीत बसू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाऊन निघावे आणि साखर खिशात ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा; असा गळ बोटात शिरला तरी सहज निघतो. शेंगटीचा काटा लागला, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावी. पाण्याची ऊब मात्र सोबत्याने आपल्या हाताने तपासावी, कारण मधुमेही पायाला भाजलेले कळत नाही. खाडीच्या पाण्यातील जखम मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांत झपाट्याने चिघळू शकते. सूज, लाली किंवा ताप दिसताच त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काळजीवाहकांसाठी

धरणाच्या जलाशयात जायचे असेल, तर तेथील मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, परवानगी घ्यावी. होडीच्या नोंदणीचे नियम मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावेत. आईवडील अमेरिकेत किंवा कॅनडात मुलांकडे गेले असतील, तर तेथील तलावांत अशा होड्या सर्रास दिसतात. पण मासेमारीचा परवाना आणि माणशी एक जॅकेट यांची तरतूद आधी करावी लागते. वसंतात तेथे ऊन कोवळे आणि पाणी बर्फासारखे असते. अशा पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटातच श्वास आवरत नाही. त्यांना उन्हाळा स्थिरावल्यावरच न्यावे.

पहिला दिवस मासेमारीचा नसावा. गरी घरी ठेवावी. दिवाळीनंतरच्या एखाद्या शांत सकाळी, कमरेइतक्या पाण्यात, पायाखाली चिखल नसून घट्ट वाळू असेल अशा जागी होडी न्यावी. आधी रिकाम्या होडीत पाणी भरून ती तरंगते का ते पाहावे. तरंगत नसेल तर दोन्ही टोकांना फोम बसवल्याशिवाय ती वापरू नये. मग चढणे, बसणे, वळणे आणि उतरणे तीनतीनदा करून पाहावे. होडी उलटलीच तर किनाऱ्याकडे पोहत न सुटता होडीला धरून राहायचे, हेही त्याच दिवशी समजावून घ्यावे.

या चाचणीत श्वास लागला, पाय थरथरले किंवा उतरताना दोघांचा आधार लागला, तर उत्तर मिळाले. मग भक्कम खुर्ची, सावली आणि धक्क्यावरची जागा ही व्यवस्था तितक्याच काळजीने करावी. काळुंदर तेथेही गळाला लागते. आणि सारे नीट पार पडले, तर ‘या वयात?’ हा प्रश्न बाजूला ठेवून पुढच्या दशमीला भरती किती वाजता आहे, ते पंचांगात मिळून पाहावे.