ट्रॅक्टरचा नकार

पावसानंतर जमिनीला वापसा येतो, तेव्हा पेरणीसाठी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. अशा ऐन वेळी किल्ली फिरवूनही ट्रॅक्टर मुका राहिला, तर धीर सुटणे स्वाभाविक आहे. मग मिस्त्रीला बोलावणे जाते. तो तारेचा तुकडा जोडतो किंवा स्टार्टरच्या दोन टोकांना पेचकस टेकवतो, आणि इंजिन धडधडू लागते. ह्या उपायाला ‘डायरेक्ट करणे’ असे म्हणतात. काम भागले म्हणून सर्वांना समाधान वाटते. वस्तुतः ट्रॅक्टर दुरुस्त झालेला नसतो. नाही म्हणण्याचे त्याचे सामर्थ्य तेवढे काढून घेतलेले असते.

हे सामर्थ्य त्याला का दिले आहे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरला, तर इंजिनाबरोबर चाकेही फिरतात. डिझेल इंजिन क्षणार्धात पेट घेते आणि जड यंत्र चालू लागते. हा प्रसंग टळावा म्हणून किल्लीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या बारीक तारेच्या वाटेत सुरक्षा-स्विच बसवलेले असतात. गिअर न्यूट्रलमध्ये आहे काय, क्लच दाबलेला आहे काय, पीटीओ बंद आहे काय, हे ते पाहतात. काही ट्रॅक्टरांत चालक आसनावर बसला आहे की नाही, हेही पाहिले जाते. हे सर्व स्विच एकसर जोडणीत असतात. साखळीची एक कडी निसटली की साखळी तुटते. तद्वत एक स्विच उघडा राहिला तरी प्रवाह खंडित होतो.

ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये तयार होणाऱ्या फर्ग्युसन टीई-२० ह्या ट्रॅक्टरात गिअरचा दांडाच ‘एस’ ह्या खुणेकडे न्यावा लागे. तेव्हाच स्टार्टर फिरे. एकच दांडा एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, ह्या साध्या सत्यावर चालकाचा जीव सुरक्षित ठेवलेला होता. पुढे फर्ग्युसन ३५ ह्या नमुन्यात हाय-लो दांडा तटस्थ स्थितीत असल्याशिवाय स्टार्टरला प्रवाह मिळत नसे. चेन्नई शहराला मद्रास म्हणत त्या काळी, १९६० साली, मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने तेथे टॅफे ही कंपनी स्थापन झाली. तिच्या सेंबियम येथील कारखान्यातून ह्याच घराण्यातील ट्रॅक्टर बाहेर पडू लागले आणि महाराष्ट्राच्या शेतांतही ते परिचित झाले. यंत्र गावोगाव पोहोचले. पण त्याच्या नकाराचा अर्थ तितक्या प्रमाणात पोहोचला, असे म्हणता येत नाही.

पेचकस टेकवणारा मनुष्य पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये, जमिनीवर उभा असतो. त्याच्या हातून प्रवाह थेट स्टार्टरला मिळतो. वाटेतील एकाही स्विचला विचारले जात नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर मागचे मोठे चाक त्याच्याच अंगावर येते. मागे सरण्यास वेळ उरत नाही, आणि क्लच दाबावयास आसनावर कोणी नसते. अशा अपघातांत जगभर माणसे प्राणास मुकली आहेत.

ह्याउलट, दोष शोधण्याची रीत कठीण नाही. आरंभी चालकाने आसनावर नीट बसावे, क्लच पूर्ण दाबावा, पीटीओ बंद करावा आणि दांडे एकदा हलवून पुन्हा न्यूट्रलमध्ये आणावेत. पुष्कळदा दोष एवढाच असतो की दांडा अर्धवट राहिलेला असतो. नंतर बॅटरीकडे पाहावे. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भारित असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. किल्ली फिरवल्यावर नुसती टकटक होत असेल आणि दिवे मंदावत असतील, तर बॅटरी किंवा तिच्या टोकांवर साचलेला थर बहुधा दोषी असतो. स्टार्टर फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, अशा वेळी आधी डिझेल, त्याच्या नळीत शिरलेली हवा आणि इंजिन बंद करण्याचा दांडा तपासावा. दिवे प्रखर आहेत आणि तरीही संपूर्ण शांतता आहे, तेव्हाच फ्यूज, किल्लीचा स्विच आणि सुरक्षा-स्विच ह्यांचा संशय घ्यावा.

त्यासाठी चाकांना दगडाची उटी लावून स्टार्टरच्या सोलेनॉइडवरील बारीक तार काढावी, म्हणजे तपासणी चालू असता इंजिन फिरणार नाही. त्या तारेचे टोक व ट्रॅक्टरचा धातूचा भाग ह्यांच्यामध्ये बारा व्होल्टचा लहान दिवा जोडावा. आसनावरील माणसाने किल्ली फिरवताच दिवा लागला, तर स्विच निर्दोष आहेत. न लागला, तर किल्लीकडे मागे मागे जात प्रत्येक स्विचच्या दोन्ही बाजू तपासाव्यात. जेथे अलीकडे दिवा लागतो आणि पलीकडे लागत नाही, तेथे दोष सापडला. कधी चिखल, कधी गंज, कधी उंदराने कुरतडलेली तार, कधी जागेवरून सरकलेला स्विच, असे कारण निघते. साफसफाई करावी, स्विच जागेवर बसवावा, अथवा नवा घालावा.

येथे एक आक्षेप संभवतो. सुटा भाग तालुक्याच्या गावी मिळत नाही आणि पेरणी थांबत नाही; मग मिस्त्रीने करावे तरी काय? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच सर्व दोष मिस्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु तात्पुरती म्हणून जोडलेली तार तात्पुरती राहत नाही. बॅटरी संपली तर ट्रॅक्टर तक्रार करतो. सुरक्षा संपली तर तो काहीच बोलत नाही, उलट अधिक आज्ञाधारक होतो. कोणत्याही गिअरमध्ये सुरू होणारा ट्रॅक्टर हा चांगला ट्रॅक्टर नव्हे. तो बिघडलेला ट्रॅक्टर होय. म्हणून हंगामापूर्वी उलट परीक्षाही घ्यावी: मोकळ्या जागी आसनावर बसून, क्लच व ब्रेक पूर्ण दाबून, दांडा न्यूट्रलमधून काढावा आणि किल्ली फिरवावी. स्टार्टरने गप्पच राहिले पाहिजे.

ह्या बाबतीत निर्मात्यांचेही कर्तव्य आहे. कोणता स्विच कोठे आहे, ह्याची आकृती शेतकऱ्याच्या भाषेत ट्रॅक्टरबरोबर मिळावी, आणि हे लहान भाग विक्रेत्याकडे सहज उपलब्ध असावेत. शाळांनीही एकसर जोडणीचा धडा फळ्यावरच्या दोन दिव्यांपाशी थांबवू नये. गावातील ट्रॅक्टर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. नकार देणाऱ्या यंत्राला गप्प करणे सोपे असते. त्याने नकार का दिला हे विचारणारी पिढी घडवणे, हेच विज्ञानशिक्षणाचे कार्य होय.