टपालखर्च उघड मांडा : घरगुती विक्रेत्यांचा आणि ग्राहकांचा जाहीरनामा

आम्ही घरून माल विकणारे आणि घरबसल्या तो मागवणारे लोक आहोत. आमच्यात कुणी भाजणी-मेतकूट करते, कुणी गोधड्या शिवते, कुणी जुनी पुस्तके शोधून वाचकांना पाठवते, कुणी श्रावणाच्या आधीपासून राख्या करायला बसते. आम्हाला दुकान नाही. व्हॉट्सअॅपचा ग्रुप, इन्स्टाग्रामचे पान आणि टपालाची पावती एवढ्यावर आमचा व्यवहार चालतो. समोरच्याने माल हातात घेऊन पाहिलेला नसतो, तरी तो पैसे आधी पाठवतो. हा विश्वास आमचे भांडवल आहे, आणि ‘शिपिंग एक्स्ट्रा’ या दोन शब्दांनी आम्ही ते रोज खर्ची घालत आहोत.

म्हणून आम्ही जाहीर करतो : टपालखर्च हे नफा लपवायचे ठिकाण नव्हे आणि तो विक्रेत्याने पदरचा सोसायचा भुर्दंडही नव्हे. माल पाठवणाऱ्याने तो खरा सांगावा, पैसे मागण्याआधी सांगावा. माल मागवणाऱ्याने तो कुरकुर न करता भरावा.

आज काय चालले आहे

एक राखी घ्या. साध्या पाकिटात घालून ती ५० ग्रॅमच्या आत बसते. ऑक्टोबर २०२५पासूनच्या दरांनुसार एवढ्या वजनाच्या स्पीड पोस्ट पाकिटाला त्याच शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी, देशात कुठेही, ४७ रुपये पडतात. ४७वर १८ टक्के जीएसटी धरला की ५५ रुपये ४६ पैसे होतात. पाकीट आणि पुठ्ठा यांचे चार-पाच रुपये धरून ६० रुपये मागणे रास्त आहे. त्याच राखीची किंमत ४० रुपये ठेवायची आणि शिपिंगचे १२० लावायचे, ही फसवणूक आहे. राखी स्वस्त दिसावी म्हणून तिची खरी किंमत टपालाच्या नावाखाली वसूल केलेली असते.

दुसरी चूक याच्या उलट आहे, आणि ती आमच्यातल्या प्रामाणिक माणसांकडूनच जास्त होते. मोठ्या कंपन्या ‘फ्री डिलिव्हरी’ देतात, म्हणून घरात लाडू वळणारी बाईही तसेच लिहिते. माल फुकट पोहोचवणारे टपाल जगात कुठेही नाही. कुणीतरी ते पैसे भरतेच. किमतीत सरसकट खर्च मिसळला, तर सांगलीची ग्राहक गुवाहाटीच्या ग्राहकाचे टपाल भरते. किमतीत मिसळला नाही, तर बाई आपल्या मजुरीतून ते भरते. महिनाअखेरीस हातात काही उरत नाही, आणि हिशेब लिहिलेला नसल्यामुळे पैसा कुठे गेला हेही तिला कळत नाही. अशाने चांगले हात या धंद्यातून निघून जातात.

उघड दराची जुनी रीत

भारतात १८५४ साली टपालाचे एकसमान दर लागू झाले. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. दर तिकिटावर छापलेला असे आणि तो आधी भरायचा असे. पाठवणाऱ्याला, पोहोचवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला तो सारखाच दिसे. टपालावर सामान्य माणसाचा विश्वास बसण्यात या उघडपणाचा मोठा वाटा आहे.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. तो सिद्ध करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी-नाटककार. त्यांच्या सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय सांगतात. ग्राहकाने पिनकोड दिला की माल किती लांब जायचा ते कळते. वजन आमच्याजवळ असते. या दोन गोष्टी हाती असताना ‘खर्च नंतर कळवू’ म्हणायचे कारण उरत नाही.

वाजवी टपालखर्चाची आमची तत्त्वे

१. वजन आधी, दर नंतर. प्रत्येक वस्तू वेष्टनासह तोलून तिचे वजन किमतीशेजारी लिहू. स्वयंपाकघरातला छोटा काटा या कामाला पुरतो.

२. आकारमान विसरू नये. कुरियरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजतात, गुणाकाराला सहसा ५०००ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तोच किलो म्हणून धरतात. ६०० ग्रॅमची बांबूची टोपली ३० × ३० × २०च्या खोक्यात गेली की ३.६ किलोची होते. हा हिशेब ग्राहकाला समजावून सांगू, आणि गरजेपेक्षा मोठे खोके वापरून त्याच्या माथी खर्च मारणार नाही.

३. खर्चात काय धरायचे. टपालाचा किंवा कुरियरचा दर, त्यावरचा कर आणि खोके, टेप, बबल रॅप यांची खरेदीची किंमत. बांधणीला लागणारा वेळ आणि टपाल कार्यालयापर्यंतची खेप ही आमची मेहनत आहे. तिचे मोल मालाच्या किमतीत धरू. मेहनत लपवायची नाही, पण तिला टपालाचे नावही द्यायचे नाही.

४. एका पार्सलला एकच खर्च. अनेक दर अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी वाढतात. भाजणीचे २०० ग्रॅमचे एक पाकीट गेले काय आणि दोन गेली काय, टप्पा तोच राहतो. अशा वेळी दुसऱ्या पाकिटाचे टपाल घेणे म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे घेणे होय.

५. फरक परत. रक्कम पुढच्या ५ किंवा १० रुपयांपर्यंत पूर्ण करायला हरकत नाही. त्याहून जास्त उरले तर ते परत करू. पावतीचा फोटो न मागता पाठवू.

६. स्वस्त मार्ग सांगणे हे कर्तव्य. पुस्तकांसाठी टपाल खात्याने १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. तिचा मूळ दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये आहे. पुस्तक जमिनीच्या मार्गाने जाते, चार दिवस जास्त लागतात, पण माग काढता येतो. घाई नसलेल्या वाचकाला हे न सांगता महागड्या कुरियरने पुस्तक पाठवणे बरोबर नाही.

७. परतीचा नियम आधी ठरवू. माल सदोष किंवा चुकीचा गेला, तर जाण्या-येण्याचे दोन्ही टपाल आमचे. ग्राहकाचे मन बदलले, तर परतीचे टपाल ग्राहकाचे.

८. परदेशी मालाचा हिशेब तीन ओळींत. दिवाळीचा फराळ परदेशी जातो तेव्हा टपाल फराळाहून महाग पडते. तरीही माल, टपाल आणि तिथली जकात वेगवेगळी लिहू. अमेरिकेने ऑगस्ट २०२५मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची जकातमाफी बंद केल्यापासून तर हे सांगितल्याशिवाय ऑर्डर घेणेच गैर आहे.

आमच्या मागण्या

*ऑनलाइन बाजारपेठांकडे :* ई-कॉमर्ससाठीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड, टपाल व हाताळणीच्या खर्चासह, दाखवायची असते. शेवटच्या पायरीवर नवा आकार पुढे करण्याची रीत २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या प्रकारांत गणली आहे. हे कागदावर न ठेवता पाळा. ‘फ्री डिलिव्हरी’चा बोजा छोट्या विक्रेत्यावर लादू नका.

*टपाल खात्याकडे :* प्रत्येक कार्यालयात, खेड्यातल्या शाखेतही, वजन आणि अंतरानुसार दरांचा मराठी तक्ता दर्शनी भागात लावा. पुस्तकांना ज्ञान पोस्ट दिलीत, तशी बचत गटांच्या आणि कारागिरांच्या मालासाठी जमिनीच्या मार्गाची सवलतीची सेवा द्या.

*ग्राहकांकडे :* टपाल द्यायचे नाही म्हणून घासाघीस करू नका. पिनकोड आणि फोन नंबर नीट द्या. कॅश ऑन डिलिव्हरीने मागवलेले पार्सल सहज म्हणून दारातून परत पाठवू नका. ते परत येते तेव्हा विक्रेत्याला दोन्ही वेळचे भाडे बसते आणि खाण्याचा माल असेल तर तोही वाया जातो. आणि आम्ही जास्त पैसे लावले तर पावती मागा. तो तुमचा हक्क आहे.

आमचा शब्द

कायदा आमच्यातल्या सगळ्यांच्या दारात रोज येऊन उभा राहणार नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दहा बरण्या लोणचे विकणाऱ्याचा हिशेब कोणी तपासणार नाही. म्हणूनच ही चळवळ आम्ही स्वतःपासून सुरू करतो. आजपासून आमच्या प्रत्येक जाहिरातीत चार गोष्टी असतील : मालाची किंमत, वेष्टनासह वजन, टपालखर्च आणि एकूण रक्कम. राज्यात, राज्याबाहेर आणि परदेशी अशा तीन दरांचा तक्ता आम्ही ग्रुपवर कायम लावून ठेवू आणि टपालाचे दर बदलले की तोही बदलू.

हा शब्द पाळताना काहींची विक्री सुरुवातीला घटेल. शेजारी ‘फ्री शिपिंग’ लिहिलेले असताना आपला ७० रुपयांचा आकडा बोचेल. तरी तो खोडू नका. ज्याला आज खरा आकडा दिसला, तो पुढच्या वेळी विचारपूस न करता पैसे पाठवील, कारण तुमचा हिशेब त्याने एकदा पडताळलेला असेल.

माल विकणाऱ्यांनो, आजच आपला काटा काढा, वस्तू तोला आणि दर लिहा. माल घेणाऱ्यांनो, जो दर लिहितो त्याच्याकडून घ्या. हा जाहीरनामा ज्याला पटला त्याने तो आपल्या नावाने, आपल्या दरांच्या तक्त्यासह, आपल्या ग्रुपवर लावावा. वर्गणी नाही, सभासदत्वाचा अर्ज नाही. लावलेला खरा दर हीच इथली सही.